सृष्टीचा गेम आणि माझं सोंग

४ मे, रविवार

मोठा राक्षस शेवटी मेलाच! सृष्टीनं मुंडकंच उडवलं त्याचं. ते पायऱ्यांवरून गडगडत खाली गेलं, आणि ही मोबाईल बाजेवर ठेवून, कैरीच्या फोडीला तिखट-मीठ लावत मला म्हणते, "आबा, बघितलं का?" बघितलं.

हे काम राजेश्रीनं माझ्या गळ्यात बांधलंय. लेक मानवतला नर्स आहे, एरवी डोक्यानं शांत, पण या गेमवरून तिचं आणि जावयाचं रोज वाजतं. जावई म्हणतात, सगळं खोटंच तर आहे. ती म्हणते, आठ वर्षांच्या पोरीनं मुंडकी उडवायची म्हणजे काय! सुट्टीला पोरीला इथं सोडताना म्हणाली, "बाबा, तुमी आठ दिवस बघा अन काय ते सांगा. तुमी म्हणाल ते आमी दोघं ऐकू."

मी लगेच हो म्हणून बसलो. एसटीत सगळी नोकरी लेकरं बघण्यातच गेली ना — हाफ की फुल! आई कितीही म्हणो, बाराचा न्हाई हो अजून. मी एकदा बघायचो आणि तिकीट फाडायचो. म्हटलं, हेही तसंच एका नजरेत होईल.

५ मे

राक्षसांचं रक्त हिरवं आहे, त्यामुळं तेवढी किळस येत नाही, असं लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात सृष्टीनं सांगितलं, सेटिंगमध्ये जाऊन लाल करता येतं. करू का, म्हणाली. नको म्हणालो. लेकरांच्या खेळात असलं बटण ठेवलंच कुणी?

६ मे

नृसिंह जयंती येत्या रविवारी आहे. सोंगाची गडबड सुरू झाली. आमच्या गावात हिरण्यकश्यपू दत्तराव आणि नृसिंह मी, हे कित्येक वर्षांपासून ठरलेलं. देवळापुढं कागदाचा खांब उभा करतात, दिवेलागणीला तो फोडून मी बाहेर येतो, दत्तरावाला मांडीवर आडवा घेतो आणि पत्र्याच्या नखांनी त्याचं पोट फाडतो. त्याच्या सदऱ्याखाली कुंकवाच्या पाण्याची पिशवी असते. आतडी म्हणजे जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, लाल रंगात बुडवलेल्या. त्या गळ्यात घालून मी नाचतो. पेडगावाहून माणसं येतात बघायला.

पट्ट्या कडूबाईच रंगवते. आज पिळता पिळता म्हणाली, "रोज पोरीच्या गेमला नावं ठेवायलाव. मग हे कुणासाठी पिळायलेय मी?"

मी म्हणालो, देवाचं वेगळं असतं. ती पट्ट्या दोरीवर टाकून आत गेली. बायकोचं असं उठून जाणं मला बिलकुल आवडत नाही.

सृष्टी शेजारी खेळायला गेली होती. ती यायच्या आत पट्ट्या, नखं, मुखवटा सगळं माळ्यावर टाकलं. पोरगी पहिल्यांदाच सोंग बघणार आहे. दरवर्षी राजेश्रीच्या ड्युटीपायी राहून जायचं. आधीच सगळं दिसलं तर गंमत काय राहील?

७ मे

आज स्वतः खेळलो. ठरवायचं तर नीट ठरवावं.

लगेच मेलो. परत खेळलो, परत मेलो. सृष्टी हसून हसून लोळायला लागली. "आबा, पळा! मरायलाव तुमी! मागं बघा की!" मागं बघेपर्यंत काम तमाम. मग माझे अंगठे धरून तिनं शिकवलं — असं सरकायचं, असं वाकायचं, आता मारा. मारला! एक बारकासा राक्षस मारला आणि माझीच छाती धडधडायला लागली. खोटं कशाला लिहू, मजा आली. कडूबाईनं जेवायला हाक मारली तर मीच म्हणालो, थांब जरा.

पुढं झाडाआडून एक पिल्लू निघालं. राक्षसाचंच, पण पिल्लू. मी मारायला गेलो तर सृष्टीनं माझा हात धरला. "त्याला न्हाई मारायचं. त्याची आई आत्ताच मेलीय." आणि त्याची आई कुणी मारली? हिनंच! आता या पोरीला दयाळू म्हणू की काय म्हणू? डोक्याचा पार भुगा झालाय.

८ मे

राजेश्रीचा फोन. त्यांच्या गल्लीतली पोरं गेम बघून काठ्यांनी एकमेकांना बडवतात म्हणे. मी मोठ्या माणसासारखं हूं-हूं केलं. फोन ठेवल्यावर आठवलं, आमच्या गावातली पोरं सोंगानंतर महिनाभर एकमेकांचे सदरे वर करून पोटं फाडत फिरतात. त्यावर कुणी कधी बैठक घेतली नाही. मला तर कौतुकच वाटायचं — माझी नक्कल करतात म्हणून.

पण देवाचं वेगळं असतं. वेगळं असतं, कारण

जेवून आलो. ते वाक्य अजून पुरं होत नाही.

९ मे

काहीच ठरलं नाही. ऊन भयंकर.

१० मे, शनिवार

ठरवलं! गेम बंद. राक्षस मारायला देव आहे, लेकरानं त्यात हात घालायचं कारण नाही. लिहिल्यावर बरं वाटलं. किती खरं आहे ते माहीत नाही, पण एकदाचं बरं वाटलं.

सृष्टीला सांगितलं. मला वाटलं होतं, रडेल, हातपाय आपटेल. तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि बरं म्हणाली. आबा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार, असा तिचा चेहरा. मलाच लाजल्यासारखं झालं. मग तिनं हळूच विचारलं, उद्या तुमचं सोंग बघायला तरी येऊ ना?

म्हणालो, पुढच्या रांगेत बस.

१२ मे, सोमवार

काल लिहिलं नाही.

सोंग फार रंगलं. खांब झकास फुटला, दत्तराव जीव तोडून ओरडला, पिशवीही वेळेवर फुटली. लोक देवाचा जयघोष करत उठले. मी आतडी गळ्यात घालून नाचत पुढच्या रांगेपर्यंत गेलो. खास तिच्यासाठी गेलो! मुखवट्याच्या भोकातून नीट दिसत नाही, पण सृष्टी दिसली. तिच्या पिवळ्या फ्रॉकवर लाल शिंतोडे उडाले होते. ती ओरडली नाही, रडली नाही. मला वाटलं, आवडलं.

मुखवटा काढून हाक मारली तर कडूबाईच्या मागं गेली. घरी आंघोळ करून आलो, तरी जवळ आली नाही. सारखी माझ्या हातांकडं बघत होती.

आज सकाळी दत्तरावाला बोलावून आणलं. भला माणूस, दारातच बनियन वर करून उभा राहिला. हे बघ बाई, पोट हाय का न्हाई! तिनं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "ते हाय. पण आबांनी फाडलं ना."

मी म्हणालो, अगं खोटं होतं ते, गेमसारखं. तर म्हणते, "गेममधी आबा नसतात."

दत्तराव चहा न घेता गेला.

१३ मे

राजेश्री न्यायला आली. काय ठरलं, बाबा? मी म्हणालो, फोनवर सांगतो. फ्रॉकचे डाग बघून हसली, म्हणाली, तुमचा रंग काय धुऊन जात न्हाई.

निघताना सृष्टी पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवायला गेलो तर मान खाली घालून सरकली — गेममध्ये मला शिकवलं होतं, तशीच. फार लागलं मनाला. एवढ्या लेकरांना एसटीत उचलून चढवलं, उतरवलं, एक कधी मला भ्यालं नाही.

१८ मे, रविवार

राजेश्रीचा फोन. किती दिवस टांगून ठेवता, म्हणाली, एकदाचं सांगून टाका. मी म्हणालो, खेळू दे. तिनं तिकडं सृष्टीला सांगितलं, आबा हो म्हणाले बघ.

मला ऐकू येत नसेल असं वाटलं असावं पोरीला. म्हणाली, "गेम नको मला. पण दिवाळीला आबांकडं नको पाठवू."