आईचा आवाज खाली घे

१२ सप्टेंबर, बुलढाणा

आजही वायरी गुंडाळल्या. साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स संपत आला तरी हातात वायर, झाडू नि चहाचा ट्रे. मिक्सरला हात लावला की सर म्हणतात, "आधी कान तयार कर."

माझे कान तयारच आहेत. भुलाबाईच्या मूर्तीपुढे गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो; त्याचा डबा नुसता हलवून आत फुटाणे की शेंगदाणे, हे मी शाळेत असल्यापासून ओळखते. सरांना सांगितलं तर पोट धरून हसले. मग एकदम गंभीर. "भुलाबाईची गाणी? तुमच्याकडे अजून म्हणतात?"

पुण्याच्या कुठल्याशा कंपनीला लोकगीतं हवीत. बायका आण, रेकॉर्डिंग तू कर, जमलं तर त्यांच्या स्टुडिओत तुझं नाव सांगतो, म्हणाले.

पुण्याचा स्टुडिओ! खरं बोलत असतील तर...

१९ सप्टें.

साखरखेर्ड्याहून आई, शकूकाकू नि गल्लीतल्या चौघी एसटीने आल्या. ठेवणीतल्या साड्या. आईने सरांसाठी कुरडया आणल्या.

सरांनी एकेकीला हेडफोन लावून काचेच्या खोलीत घातलं. कानात टिकटिक, तालासाठी. आई आत गेली नि मुकी झाली. "एकटीनं कसं म्हणू वं? शकूनं उचलल्याबिगर मले पुढची ओळ येतच नाही."

खरंच आहे. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती तिच्या तोंडातून हिसकावून घ्यायची, अशी ही गाणी. एकटीने म्हणतं कोण?

सर चिडले. चिडले की त्यांचं पुणेरी गळून पडतं नि आतला मलकापूरवाला बाहेर येतो. "काऊन समजून नाही राह्यलं यायले? टिकटिक ऐका अन् म्हणा!"

ते जेवायला गेले तसं मी सगळ्यांना मोठ्या खोलीत गोल उभं केलं. मध्ये एकच माइक. म्हटलं, हीच भुलाबाई समजा. काकू म्हणाली, "यंदा लई वाळली वं बाई!" हसू आवरेना कोणाला. त्या हसण्यातच गाणं सुरू झालं नि मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. सगळ्यांच्या वर आईचा आवाज.

सरांनी येऊन ऐकलं. "बरं आलंय." एवढंच. पण माझं पहिलं रेकॉर्डिंग!

२३ सप्टें.

पुण्याचा फोन. गाणी आवडली, आवाज नकोत. 'मले' 'तुले' ऐकून तिकडे हसले म्हणे. हसा. मुख्य आवाज त्यांच्या एका शिकलेल्या गायिकेचा घालायचा. आमच्या बायका मागे, तोंडी लावायला.

सर म्हणाले, "आईचा आवाज खाली घे. तोच सगळ्यात वर येतोय."

घेऊ कसा? सहाजणी एकाच माइकवर. एकीला खाली घेतलं की सगळ्याच खाली जातात. तसं सांगितलं तर म्हणाले, "म्हणून एकेकीचा वेगळा घेत होतो. आता भोग." ज्या रेकॉर्डिंगवर मी मिरवत होते तेच माझी चूक ठरलं.

२७ सप्टें.

पुण्याच्या बाईंचं गाणं मेलवर आलं. सुरेल आहे. नाव ठेवायला जागा नाही, याचाच जास्त राग येतो.

आमच्या बायका खाली घेत गेले. थोड्या, अजून थोड्या. तरी 'मले' ऐकू येतंच. सर पाठीशी उभे. "अजून." शेवटी नुसती गुणगुण उरली, लांबच्या मळ्यात मोटर चालू असल्यासारखी. "तीही बंद कर. बाईंचाच आवाज दुहेरी करून मागे लाव."

केली बंद. आईला मी माझ्या हाताने पुसलं. नाही म्हणता आलं असतं. पण म्हटलं नाही.

"आता शिकलीस," सर म्हणाले. इतक्या दिवसांत पहिली शाबासकी, ती याची! आग लागो त्या शाबासकीला.

६ ऑक्टो., कोजागिरी, साखरखेर्डा

काल गाणं मोबाइलवर आलं. सकाळी सरांचा मेसेज: पुण्याने बोलावलंय, हो-नाही आजच कळव.

संध्याकाळी आईने गल्ली गोळा केली. भुलाबाई मांडलेली, शेजारी कोणाचा तरी स्पीकर. यंदा कोणी गायलंच नाही. "माह्या वैशालीनं बनवलं, थेच लावा," आई म्हणाली. पुण्याची बाई गाते आहे नि आमच्या बायका हात मांडीवर ठेवून गप्प ऐकताहेत. काकू म्हणाली, "किती साफ म्हणते वं. आपलं आपलं गावंढळच." काकूला गदागदा हलवावंसं वाटलं.

"माहा आवाज कुठी हाये?" आईने विचारलं.

"मागे आहे. नीट ऐक." बोलून गेले. जीभ झडली नाही.

तिने परत लावायला सांगितलं. मग पुन्हा. शेवटी स्पीकर मांडीवर घेतला, कान टेकवला, हाताने पोरींना गप्प केलं. कितीतरी वेळ तशीच वाकून बसलेली. मग तोंड एकदम उजळलं.

"हाव! हे पाह्य. हे मीच हाये."

काकूनेही कान लावला. "हाव वं," म्हणाली, "तूच."

सरांना अजून काही कळवलेलं नाही.