बरण्या रिकाम्या पाठवाव्यात

गोर्नो पोले, १२ ऑक्टोबर २००२

चि. सौ. झोर्नित्सा हिला आईचे आशीर्वाद, वि. वि.

स्तामेनच्या बसने दोन खोकी पाठवली आहेत. एकात मिरच्या-टोमॅटो आटवून केलेली ल्युतेनित्सा आहे, दुसऱ्यात भाजून सोललेल्या मिरच्या आणि साखरपाण्यातल्या चेरी. खोकी उभी ठेव म्हणून त्याला बजावलं होतं, पण तो बस चालवतो की ऐकतो. पत्र बरण्यांच्या मधे खोचलं आहे. तेलकट झालं असेल तर पुसून वाच.

फोनवर तू मिनिटामिनिटाच्या धास्तीने बोललीस, तेवढ्यात मला कळलं ते असं : आपल्या जावयांचा मामेभाऊ स्पेनला टोमॅटो तोडायला निघाला आहे आणि मार्चमध्ये प्लामेन स्वतःही त्याच्या मागून जायचं म्हणतात, कारण तुमच्या घरातलं वाणसामान विसाव्या तारखेलाच संपतं. टोमॅटोच तोडायचे असतील तर त्यांना इथे पाठव. माझ्या परसात अजून लोंबताहेत.

मस्करी बाजूला ठेवते. तुझे वडील रशियात कोमीच्या जंगलात लाकूडतोडीला गेले तेव्हा आम्हीही ‘थोडेच दिवस’ असंच म्हटलं होतं. त्यातून मोटार आली, न्हाणीघराला फरशी आली. ती फरशी मी पुढे कितीतरी वर्षं पुसली आणि मला ती कधी आवडली नाही. मिलेन आठ महिन्यांचा आहे. त्याच्या बापाला घराबाहेर जाऊ देऊ नकोस. महिना कसा पुरवायचा ते आपण दोघी बघू.

मला एवढंच कळत नाही की माझ्या घरून इतकं येत असताना तुम्ही विकत घेता तरी काय?

लोभ आहेच. रिकाम्या बरण्या स्तामेनकडे द्याव्यात, झाकणांसकट.

तुझी आई
नेद्याल्का


सोफिया, २७ ऑक्टोबर

ती. आईस झोराचा सा. न. वि. वि.

खोकी पोचली. एक बरणी फुटली होती. स्तामेन म्हणाला की रस्ता सरकारचा आहे, त्याचा नाही.

आम्ही विकत काय घेतो ते ऐक. तेल, साखर, तांदूळ, चीज, दूध, साबण आणि मिलेनचे लंगोट. यातलं एकही तुझ्या मिरच्यांच्या वाफ्यात उगवत नाही. आई, रागावू नकोस, पण बाळाला मी ल्युतेनित्साने अंघोळ घालू शकत नाही. सज्जात बरण्या, पलंगाखाली बरण्या, पाळण्यामागे बरण्या. प्लामेन म्हणतो की त्याने रक्तदान केलं तर बाटलीत ल्युतेनित्साच निघेल. ट्रामच्या डेपोत त्याला सगळे ‘बरणी’ म्हणूनच हाक मारतात, कारण डब्यात रोज तेच.

आमच्यात आता करार झाला आहे. स्वयंपाकघरासाठी महिन्याला एकशेतीस लेव्हा. फेब्रुवारी संपेपर्यंत दर महिना तेवढ्यात पगाराच्या दिवसापर्यंत निभावला, तर स्पेनचं नाव काढायचं नाही. नाही निभावला तर तो जाणार. मी चार आठवड्यांची चार पाकिटं केली. पहिल्या पाकिटाने गुरुवारीच मान टाकली. मग दुसऱ्यातून उसने घेतले, म्हणजे स्वतःच्याच घरात चोरी केली. चीज घेताना दुकानातल्या बाईला म्हणाले की पातळ काप, तर ती म्हणाली की वर्तमानपत्र वाचता येईल इतकं पातळ हवं का.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते. पण कर.

माझ्यावरचा लोभ या महिन्यात तरी आटवू नये.

तुझी
झोरा


गोर्नो पोले, १८ नोव्हेंबर

चि. झोरास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी वाचनालयातून घरखर्चावरचं एक पुस्तक आणलं. सातवीनंतर मला कुणी शिकवलं नाही, पण पुस्तक कुठे खोटं बोलतं ते कळतं. लेखिकाबाई म्हणतात, पोट भरलेलं असताना बाजारात जावं म्हणजे खर्च कमी होतो. पोट भरलेलं असतं तर बाजारात गेलोच नसतो. पुढे म्हणतात, मांसाऐवजी मासे घ्यावेत, जणू मासे फुकट मिळतात. पुस्तक परत केलं.

माझं ऐक. पाव रोज ताजा आणू नकोस, शिळा भाजून खा. घेवडा भिजत घाल, पाणी फेकू नकोस. कोबी मी पिंपात घातला आहे, तो खारवून झाला की पाठवते. या वेळी ल्युतेनित्सा तिखट केली आहे, ह्यांना आवडायची तशी. करताना हात त्याच मापाने चालतो. ते जाऊन दोन वर्षं झाली तरी भांडं छोटं घ्यायचं लक्षात राहत नाही. म्हणून जास्त होते आणि म्हणून तुला येते. नको म्हणू नकोस.

पण गेल्या खोक्यातल्या बरण्यांपैकी मोजून चारच परत आल्या. बाकीच्या कुठे आहेत? बरणी झाडाला लागत नाही.

लोभ ठेवतेच आहे, बरण्यांची वाट बघते आहे.

आई


सोफिया, ९ जानेवारी २००३

ती. आईस सा. न.

तुला बातमी द्यायची आहे. नोव्हेंबर निभावला. डिसेंबरही निभावला, नाताळ धरून. पगाराच्या आदल्या दिवशी प्लामेनने स्वतः फडताळ उघडून बघितलं. आत तेल होतं, तांदूळ होते, साखर होती. त्याने तेलाची बाटली हलवून बघितली. मग म्हणाला, झोरा, तू अर्थमंत्री हो. डेपोत सगळ्यांना सांगत सुटलाय की बायको असावी तर अशी. स्पेनचं नाव नाही.

आई, ल्युतेनित्सा अजून असेल तर पाठव. तिखट जास्त पाठव. चेरीही चालतील. मिरच्या तर हव्यातच. आम्हाला हल्ली फार आवडतं.

बरण्यांचं बघते. गडबडीत राहून जातं.

लोभ आणि मिरच्या, दोन्ही येऊ देत.

झोरा


गोर्नो पोले, २ फेब्रुवारी

झोर्नित्सास,

आशीर्वाद आहेत, पण आज ते ओठांवर येत नाहीत.

काल स्तामेनने खोकं उतरवून घेताना सहज सांगितलं की तुझी लेक हुशार आहे हो मावशी. सोफियाच्या थांब्यावर म्हणे एक जाडशी बाई तुझ्याबरोबर उभी होती. खोकं उघडायचा अवकाश, तिने दोन बरण्या पिशवीत घातल्या आणि तुझ्या हातात तेलाची बाटली दिली. स्तामेनला वाटलं मला माहीत आहे. मी त्याच्यासमोर हो हो म्हटलं. घरी येऊन शेगडीपाशी बसले आणि तुझं जानेवारीचं पत्र पुन्हा काढलं.

‘आम्हाला हल्ली फार आवडतं’! सगळ्या गावाला मी सांगत होते की माझा नातू चमचा चाटतो. सप्टेंबरात मिरच्या भाजताना माझी बोटं पोळतात, ती काय तुझ्या दुकानदारीसाठी? आईने दिलेलं नको असेल तर नको म्हणावं. विकू नये. तुझ्या वडिलांनी खणलेल्या वाफ्यातलं आहे ते.

आणि बरण्या कुठे गेल्या तेही कळलं.

लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

आई


सोफिया, ८ फेब्रुवारी

ती. आईस झोराचा सा. न. वि. वि.

तू रागावणार हे माहीत होतं, म्हणूनच सांगितलं नाही. पण मी विकलं नाही, आई. एक पैसाही हातात घेतला नाही.

झालं असं. नोव्हेंबरात तिसरं पाकीट संपलं तेव्हा पगाराला बारा दिवस होते. खालच्या मजल्यावरची त्सोन्का मावशी मीठ मागायला आली. तिचं कोपऱ्यावर छोटं किराणा दुकान आहे. तिने टेबलावरची ल्युतेनित्सा चाखली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, माझी आई अशी करायची, दुकानात येते ती नुसती पिठाची खळ. दुसऱ्या दिवशी ती तेल घेऊन आली, मी बरणी दिली. मग चौथ्या मजल्यावरच्या आजींनी तांदूळ दिले. समोरच्या बाई लंगोट आणतात, त्यांचा भाऊ कारखान्यात आहे. आमच्या जिन्यात सगळे गावांकडून आलेले, पण गावी आता बहुतेकांचं कुणी उरलं नाही.

प्लामेनला यातलं काही माहीत नाही. त्याला वाटतं मी एकशेतीसात जादू करते. सांगितलं तर म्हणेल, म्हणजे पैसे पुरत नव्हतेच, आणि पिशवी भरेल. फेब्रुवारी संपायला थोडेच दिवस राहिलेत. तू खोकी थांबवलीस तर मी कुठे जाऊ ते सांग.

लोभ काढून घेतला असशील तर परत कर.

झोरा


गोर्नो पोले, १६ फेब्रुवारी

चि. झोरास आशीर्वाद, वि. वि.

मी दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट डोक्यात आली आणि मी जास्तच चिडले. दोन बरण्यांना एक बाटली तेल? अगं, कुठल्या जगात राहतेस? थंडीत भाजलेली मिरची सोफियात मिळते का? एका बरणीला दोन बाटल्या घ्यायच्या. लंगोटवालीला चेरी द्यायच्या, ल्युतेनित्सा नाही, तिला पोरं आहेत. मला आधी सांगितलं असतंस तर कोणाला काय हवं ते बघून केलं असतं. एवढी व्यवहाराला कच्ची तू कोणावर गेलीस, मला माहीत आहे. तेही असेच होते.

खोकं पाठवते आहे. पण एक अट आहे. १ मार्चला मृतांचा शनिवार येतो. भाड्याला पैसे नाहीत म्हणून तू कबरीवर येणार नाहीस, त्याबद्दल काही म्हणत नाही. खोक्यात झाकणाला काळा दोरा बांधलेल्या बरण्या आहेत. त्या वडिलांच्या नावाने वाटायच्या. जिन्यातल्या प्रत्येक दारी एक, वर शिजवलेले गहू. त्यांच्या बदल्यात काही घ्यायचं नाही, चिमूटभर मीठसुद्धा नाही. घेणाऱ्याने मिल्कोला देव क्षमा करो एवढं म्हणावं, बस्स. तू बाळाला घेऊन जिने चढू नकोस. जावयांना पाठव.

त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी आयुष्यात नवऱ्यापासून काही लपवलं नाही, कारण ते लांब कोमीत होते; जवळ असते तर लपवण्यासारखं पुष्कळ असतं.

लोभ परत केला आहे, खोक्यात तळाशी बघ.

आई


सोफिया, ४ मार्च

ती. आईंस प्लामेनचा शि. सा. नमस्कार.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण झोरा म्हणते, तू घातलेला गोंधळ तूच लिही.

शनिवारी मी बरण्या घेऊन निघालो. पहिलंच दार त्सोन्का मावशींचं. बरणी हातात घेऊन त्या म्हणाल्या, या वेळी किती बाटल्या? मला काही कळेना. मग त्यांनीच सगळं सांगितलं. मी तिथे जिन्यात उभा, हातात सात बरण्या, आणि डेपोत अर्थमंत्री म्हणून मिरवलेली बायको डोळ्यांपुढे. असा राग आला की परत फिरणार होतो. पण मृताच्या नावाचं अर्ध्यावर टाकता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, मिल्को कोण होते, नाव घ्यायचं तर माणूस माहीत हवा. मी सांगितलं : सासरे होते, गाडी चालवायचे, कोमीत लाकडं तोडायला गेले होते. पुढच्या दारीही तेच विचारलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं. त्यांनी विचारलं, परत आले तेव्हा मुलं केवढी होती? आई, ती गोष्ट बाबांनी मला लग्नाच्या आदल्या दिवशी प्यायला बसल्यावर सांगितली होती. ते दारातून आत आले, बाहुली पुढे केली, आणि झोरा शेगडीमागे जाऊन म्हणाली, आई, हे काका कधी जाणार? तेव्हा मी हसलो होतो. शनिवारी तीच गोष्ट प्रत्येक दारी सांगत वर चढलो आणि शेवटच्या दारी माझ्याने ती पुरी करवली नाही. समोरच्या बाईंनी मला पाणी दिलं.

आता गोंधळ सांगतो. महिना पुरणार नाही असंच मी धरून चाललो होतो. जानेवारीतच स्पेनच्या एजंटाकडे नाव घालून चाळीस लेव्हा उसने घेऊन अनामत भरली होती. झोराला माहीत नव्हतं. सोमवारी जाऊन नाव मागे घेतलं. अनामत परत मिळत नाही आणि उसने आता फेडायचे आहेत. म्हणजे हा महिना चाळिसांनी तोकडा आहे. झोराने पाकिटं काढून पुन्हा मोजली. मग म्हणाली, आपण दोघं एकमेकांना शोभतो.

बरण्यांबरोबर आमच्यावरही लोभ असू द्यावा.

आपला
प्लामेन


गोर्नो पोले, ११ मार्च

चि. प्लामेन आणि चि. सौ. झोरा यांना आशीर्वाद, वि. वि.

स्तामेनने आज खोकी आणली. मला वाटलं, एकदाच्या बरण्या आल्या. उचलायला गेले तर खोकं हलेना. उघडलं तर एकीत मसूर, एकीत साखर, एकीत अक्रोड, एकीत लोकरीचे पायमोजे कोंबलेले. एका बरणीत नुसती बटणं आहेत, ती कुणी आणि का पाठवली ते देव जाणे. काळा दोरा मात्र सगळ्यांनी तसाच ठेवला आहे. काही घ्यायचं नाही म्हणून मी स्पष्ट लिहिलं होतं. झोरा म्हणेल, आम्ही घेतलं नाही, त्यांनी तुला पाठवलं. ही पळवाट मला कळते.

आता हे सगळं ओतू कशात? माझ्याकडे भांडी आहेत, बरण्या नाहीत. आणि जिन्यातल्या लोकांना सांगा, भरलेलं भांडं आलं की ते रिकामं परत करणं मलाही जमत नाही. म्हणजे मला पुन्हा भरावं लागणार, ते पुन्हा भरणार, आणि हे कुठे थांबेल?

मसूर शिजवली. दोघांच्या मापाने झाली. सवयीने दोन ताटल्या घेतल्या, मग एक उचलून ठेवली. मसूर चांगली होती, ज्यांनी पाठवली त्यांना सांगा. चाळीस लेव्हांचं ऐकून माझं डोकं फिरलं आहे, त्यावर बोलत नाही. खोक्यात अंडी आहेत, उभी ठेवायला सांगितली आहेत. मिरचीची रोपं या वर्षी खिडकीत जास्त घातली. ह्यांचा तो खालचा वाफा पडीकच होता, तोही खणायला काढते.

लोभ आहे, तो कुठे जात नाही. बरण्या मात्र रिकाम्या पाठवाव्यात.

तुमची
आई