पुसलेला अंगठा

दि. ४ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

इथे येऊन महिना झाला. मुलाचं घर सातव्या मजल्यावर, उजेड असा की काळ्या कापडावर काळा दोरा घालावा. पण दाराला किल्ली नाही, अंगठा लावायचा. पन्नास वर्षं सुया ढकलून माझ्या अंगठ्यावर रेघ उरलीय कुठे? पहिल्या दिवशी कसाबसा लागला, नंतर एकदाही नाही. बाहेर पडलो की दार आपोआप बंद, आणि मुलगा-सून सातला येईपर्यंत मी जिन्यात! म्हणून पडतच नाही. जीव नुसता कोंडतो.

मुलाला सांगतो, बागेत जातो, एका निवृत्त मास्तरांशी गट्टी जमलीय. किती खूश होतो बिचारा! हे पोटात ठेव.

लोभ आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा

दि. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सत्तरी आली तरी थापा सुटल्या नाहीत. लहानपणी बरणी फोडून मांजरावर ढकलायचास, आता अख्खा मास्तर शिवलास! गिऱ्हाइकाला तोंडावर पोट सुटलंय म्हणणारा तू, आणि पोटच्या पोरापुढे जीभ अडते? त्याला ओझं वाटू नये म्हणून गप्प आहेस, कळतं मला. पण तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, ठाऊक आहे ना?

जिवाला जप.

तुझी,
अक्का

दि. २६ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलंसच शेवटी! मुलगा रागावला नाही, तेच लागलं. माझा अंगठा हातात धरून बघत बसला. मग म्हणाला, आकडे दाबूनही दार उघडतं. नुसते चार आकडे! मास्तरांचं त्याने विचारलं नाही, मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नऊलाच बागेत गेलो. बाकांवर माझ्याच वयाची माणसं, सगळी एकमेकांची. एकाची कॉलर उसवलेली दिसली, पण सांगणार कोणत्या नात्याने? दुकानात माणसं आपणहून येत. मी जन्मात कोणाकडे गेलोच नाही गं. अर्ध्या तासात परतलो. आकडे दाबले, दार पटकन उघडलं.

अक्का, उघडत नव्हतं तेच बरं होतं. निदान दाराला दोष देता येत होता.

आठवण ठेव.

तुझा,
धाकटा