रविवारच्या फोनमधली टकटक

प्रिय पव्या,

आजच्या काळात बहीण पत्र लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलं असशीलच. फोनवर बोलावं तर माझं नाव दिसलं की तू उचलत नाहीस. आणि आईला ज्या फोनवरून करतोस त्यावरचा शब्द न् शब्द साठवला जातो, हे मला पक्कं ठाऊक आहे. कसं ते पुढे सांगते. आई-अप्पा शुक्रवारी बेंगळूरला निघणार, हे आईने रविवारी तुला सांगितलं. सुट्टी नाही, खोली लहान आहे, पाणी येत नाही, नाना सबबी सांगून झाल्या तुझ्या. तरी तिचा हट्ट, की पोराचं बिऱ्हाड एकदा डोळ्यांनी बघायचं. म्हणून सरळच विचारते. ती दोघं तिथे स्टेशनवर उतरली तर तू न्यायला येशील का रे?

फौजदार अक्का म्हणायचास ना मला? म्हण. दिवाळीपासून तुझा फोन दर रविवारी येतो, तोही आपल्या केलगेरीच्या घरातल्या जुन्या फोनवर. आईकडे मोबाईल आहे, अप्पांकडे आहे, पण तुला तोच लागतो, कुठून आला ते ज्यावर दिसत नाही. स्वतःच्या मोबाईलवरून का करत नाहीस, तर ऑफिसात मोबाईल चालत नाही म्हणालास. आईला पटलं, मला नाही. त्यात तू बोलायला लागलास की मधूनमधून टकटक, टकटक. मी माहेरी आले तेव्हा तार बदलली, फोन बदलला. अनुसयाकाकूंचा फोन आला की आवाज स्वच्छ, तुझा आला की टकटक हजर. आईला त्याचं काहीच नाही. ती म्हणे, टकटकीचं जाऊ दे गं, त्याच्या ऑफिसातली माणसं चांगली दिसतात, मागून कुणीतरी ‘ऊटा आतेन्री?’ म्हणून विचारत होतं. पोराला जेवलास का विचारणारं कुणी आहे म्हणून बाई खूश.

मग गेल्या महिन्यात आपल्या इकडच्याच विद्यानगरला एका बियाणं कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये मला बोलावणं आलं. माझं काम तुला माहीत आहे. अशा ठिकाणी टेलिफोन कंपनीची एकच मोठी लाईन येते, तीसजण एकदम बोलतील एवढी, आणि ती आतल्या फोनांना जोडते ती पेटी, म्हणजे गेटवे, मी लावून देते. तिथली तक्रार काय, तर शेतकऱ्यांना कानात टकटक ऐकू येते. दोन्ही टोकांनी एकाच घड्याळावर चालायचं असतं, बाबा. टेलिफोन कंपनीने ताल धरायचा, पेटीने मागून टाळ्या वाजवायच्या. आधीच्या शहाण्याने पेटीला तिचंच घड्याळ लावून ठेवलेलं! दोघी जावांसारखं, कुणी कुणाचं ऐकेना, आणि मधल्यामध्ये आवाजाचे बारीक तुकडे गळत होते. ती टकटक मी फोन कानाला लावून ऐकली. ही तर आपल्या घरातली.

पेटी मी टेलिफोन कंपनीच्या घड्याळावर टाकली. बोलणी साठवायची सोयही सुरू करून दिली. त्या रविवारी आई म्हणाली, आज काय छान आवाज आला पोराचा, मागच्या खोलीतून बोलल्यासारखा.

एवढ्यावर विश्वास ठेवणारी मी नव्हे. योगायोग असेल, म्हटलं. पुढच्या रविवारी तपासणीचं निमित्त काढून मी तिथे गेले, आणि तुझ्या फोनच्या वेळेला पेटीचं घड्याळ पुन्हा बिघडवलं. चालू लाईनवर असला उद्योग कुणी करत नाही. थोड्या वेळाने नीट केलं आणि तिथूनच केलगेरीला फोन लावून टकटकीचं विचारलं. आई म्हणाली, मध्येच मेली ती टकटक परत आली होती गं, मग गेली.

नंतर मी काचेपलीकडे पाहिलं. डावा पाय खुर्चीवर दुमडून बसलेला तू, कानाला हेडफोन लावून कुणाला तरी सोयाबीनची पेरणी समजावत होतास. जेवायलाही तू तसाच बसतोस. पव्या, आत येऊन दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. आणि रडूही आलं. केलगेरीहून चिगरी या सिटीबसने येण्याइतक्या अंतरावर बसून तू आईला बेंगळूरच्या गर्दीच्या गोष्टी सांगत होतास! तिथली नोकरी गेली असेल. बरं, गेली. अप्पांनी गल्लीभर पेढे वाटले होते म्हणून तोंड दाखवायची लाज वाटली? पेढे खाणाऱ्यांना कुठले लक्षात आहेत? तू कुठे झोपतोस, कुणाकडे जेवतोस, ते मला सांग आधी.

काल इथवर लिहून घडी घातली होती. शुक्रवारच्या आत तू स्वतः घरी जावंस एवढ्यासाठीच लिहिलं होतं. पण आज सकाळी केलगेरीला गेले आणि रेल्वेच्या डब्याचा नंबर बघते म्हणून तिकिटं मागितली. अप्पा म्हणाले, आईकडे आहेत. आई म्हणाली, देवघरात आहेत. देवघरात उदबत्तीचा पुडा सोडून काही नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं, तर ती तवा उतरवत होती. म्हणाली, ‘ऊटा आतेन्री’ हे तर आपल्या इकडचं बोलणं, बेंगळूरची माणसं असं कधीपासून विचारायला लागली गं? मग शेंगदाणे-गुळाची गरम शेंगाहोळगी डब्यात भरली, वर तुपाची वाटी ठेवली आणि म्हणाली, विद्यानगरच्या कामावरून टकटकीचं विचारत होतीस ना, तिथेच हा घेऊन जा. हे पत्र त्याच डब्याच्या झाकणाखाली ठेवून तुमच्या ऑफिसचे वॉचमन वसंतमामा यांच्या हाती देतेय. बेंगळूरला कुणीही निघालेलं नाही. आधी खाऊन घे. आणि रिकामा डबा आईला परत करायला तूच जा, मी नेणार नाही.

तुझीच,
फौजदार अक्का