आभाराची लाल रेघ

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चर्चमध्ये हंगामाचा सण. टेबलावर ऊस, भोपळे, गुळाची ढेप आणि पाय बांधलेली एक कोंबडी. ती सगळी उपासना संपेपर्यंत ओरडत होती.

चौदा महिने ह्यांचं नाव दाराजवळच्या प्रार्थनेच्या वहीत होतं. दर रविवारी पाळकसाहेब वाचायचे, ‘वसंतभाऊ, आतड्याचा कॅन्सर,’ आणि अख्खी मंडळी माना खाली घालायची. आज मी त्या नावावर लाल पेनाने रेघ मारली आणि पुढे ‘आभार’ लिहिलं. बरा झाला की लाल, प्रभूकडे गेला की काळी. सासूबाईंच्या नावावर मीच काळी मारली होती, म्हणून आज पेनाचा रंग दोनदा बघून घेतला.

मग साक्ष, म्हणजे प्रभूने काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. पाच मिनिटं दिली होती, मी पंधरा घेतली. डॉक्टर म्हणाले होते, ‘सिस्टर, सध्या स्कॅनमध्ये काही दिसत नाही. तीन महिन्यांनी परत बघू.’ मी मंडळीला सांगितलं, आता काहीही राहिलेलं नाही, प्रभूने पूर्ण बरं केलं. ‘सध्या’ गिळून टाकलं. वर मी असंही म्हणाले, ‘मी एकतीस वर्षं वॉर्डात इंजेक्शनं दिली. इंजेक्शनाने माणूस बरा होत नाही, बरा करणारा वर आहे.’ टाळ्या पडल्या. आमच्याकडे उपासनेत टाळ्या वाजवत नाहीत.

छान वाटलं. खोटं कशाला लिहू, फार छान वाटलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, ‘लई लांबवलंस. आन् माझं काय झालंय ते माझ्यापेक्षा तुलाच जास्त ठावं दिसतंय.’

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाळकसाहेबांच्या मिसेसनी साक्षीचा व्हिडिओ घेतला होता, तो गावोगाव फिरतोय. मिरज, इचलकरंजी, कबनूर. सकाळपासून चार फोन. सगळ्यांना आमचा चर्चचा सलाम, सगळ्यांना तीच गोष्ट. आता पाठ झालीय. कुठे थांबायचं तेही कळतं.

शेजारच्या पाटील काकू म्हणाल्या, ‘तुमच्या देवानं ऐकलं म्हणायचं की.’ म्हटलं, ऐकलं. तर हळूच म्हणाल्या, ‘मीबी अंबाबाईला सांगून ठेवलंतं.’ त्यांचेही आभार मानले. ज्याचं त्याला पोचतं.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. मटण, पांढरा रस्सा, करंज्या, सगळं ह्यांच्या आवडीचं. ह्यांनी दोन चमचे रस्सा घेतला आणि ताट सरकवलं. ‘सकाळी चर्चात केक खाल्ला की.’ केक मी बघितला होता. हातातच होता, कुत्र्याला घातला.

नवीन पँटला बेल्ट लावताना खिळ्याने एक भोक जास्तीचं पाडलं. मी बघितलं नाही असं त्यांना वाटावं, म्हणून स्वयंपाकघरात गेले.

वॉर्डात नातेवाईकांना मी रागवायची, इतके दिवस डोळे मिटून बसला होता का म्हणून.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

ह्यांचं रक्त तपासायला दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. कॅन्सरचा आकडा वाढलाय. ह्यांना म्हटलं, लॅबची चूक असू शकते. एस.टी.च्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला, यंत्र आवाज करतंय तर कानात दोष आहे, असं सांगायचं म्हणजे काय.

शुक्रवार, ९ जानेवारी

स्कॅन. यकृतावर दोन डाग. डॉक्टर मला बाजूला घेऊन सांगायला लागले, म्हटलं ह्यांच्यासमोरच सांगा. केमोची इंजेक्शनं परत सुरू करायची. बरं होण्यासाठी नाही, पुढे ढकलण्यासाठी.

रिक्षात हे म्हणाले, ‘वहीत नाव परत घालायचं का?’

‘बघू,’ म्हटलं.

‘न्हाय, मला आपलं बरं वाटायचं. नाव वाचलं की. वर्कशॉपात हजेरी घ्यायचे तसं.’

घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच परत घासली. प्रभू, तुझ्यावर रागावलेय. तू केलंस त्याचा राग आहेच, पण मला तिथे उभी करून पंधरा मिनिटं बोलू दिलंस त्याचा जास्त.

रविवार, ११ जानेवारी

ठरवून लवकर गेले. वही उघडली, निळं पेन काढलं. ‘वसं’ लिहायला टेकवलंच होतं तर मागून एका बाईंनी खांद्यावर हात ठेवला. ‘सलाम सिस्टर. कुणाचं नाव घालताय?’

मी पाटील काकूंच्या गुडघ्याचं घातलं.

पाळकसाहेबांनी वाचलं. अख्ख्या मंडळीने पाटील काकूंच्या गुडघ्यासाठी प्रार्थना केली. पुरुषांच्या बाजूने ह्यांचं ‘आमेन’ ऐकू आलं, जरा मोठ्यानेच.

घरी येताना रंकाळ्याच्या वळणावर हे म्हणाले, ‘काकूंचा गुडघा आता पळायला लागतोय बघ.’ मला हसू आलं आणि मग रस्त्यातच रडू आलं. चूक माझी आणि नाव ह्यांचं गेलं.

मंगळवार, २० जानेवारी

काल ह्यांचं या खेपेचं पहिलं इंजेक्शन झालं. आज उलट्या. दुपारी अनोळखी नंबर.

‘अक्का, मी एस्तेर बोलतोय, गडहिंग्लजहून. तुमचा व्हिडिओ रोज सकाळी बघतो की मी.’

तिकडच्या बायका स्वतःबद्दल ‘बोलतो, बघतो’ असंच म्हणतात. ब्लाउज शिवते. नवरा नाही. छातीचा कॅन्सर. सहा इंजेक्शनं सांगितलेली, दोन घेतली, चार सोडली. कधी सोडली? डिसेंबरात. का सोडली?

‘तुमीच सांगितलासा न्हवं, इंजेक्शनानं माणूस बरा हुईत न्हाय म्हणून. नर्सबाईच सांगत्यात म्हटल्यावर आनि काय पायजे?’

मी म्हटलं, ‘तसं नव्हतं म्हणायचं मला.’ ती म्हणाली, अक्का, फोनवर प्रार्थना करा. केली. आतल्या खोलीत हे ओकत होते आणि मी दार ओढून घेऊन तिच्या पूर्ण बरं होण्यासाठी प्रार्थना केली. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

आयुष्यात एकदाच चुकीच्या पेशंटला इंजेक्शन देता देता राहिले होते. तेव्हा आठ दिवस जेवण गेलं नव्हतं. आता तर दिलंच.

गुरुवार, २२ जानेवारी

पाळकसाहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. तरुण माणूस, मनाने चांगला. ऐकून पांढरा पडला.

‘त्या भगिनीला सांगा औषध घ्यायला, आजच सांगा. पण सिस्टर, मंडळीसमोर कशाला? मार्चच्या मेळाव्यात तुमची साक्ष ठेवलीय. लोकांचा विश्वास हलेल.’

‘पाळकसाहेब, माझा हललाय. त्याचं काय करू?’

ऑफिसचं दार लावून त्यांनी प्रार्थना केली. त्यात ह्यांचं नाव घेतलं, हळू आवाजात.

उठताना मी म्हटलं, ‘हेच नाव दार उघडं ठेवून घ्या.’ फार लागेल असं बोलले. पण बोलले.

शनिवार, २४ जानेवारी

ह्यांना पेज करून ठेवली आणि एकटीच गडहिंग्लजला गेले. निपाणी, संकेश्वर करत गाडी. खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर. मनात वाक्यं जुळवत होते, स्टँडवर उतरेपर्यंत एकही धड जुळलं नाही.

एस्तेर पंचेचाळिशीची असेल. दारातच मला मिठी मारली. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज. चहा केला. मी कपाला हात लावायच्या आधी सांगून टाकलं. ह्यांचा आजार परत आलाय. तेव्हाही गेलेला नव्हता, दिसत नव्हता एवढंच. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, मीच लपवलं. इंजेक्शनाबद्दल बोलले ते खोटं. रिपोर्ट दाखवले.

ती रागावेल, शिव्या देईल, याची तयारी करून गेले होते. तिने कागद नीट घडी घालून परत दिले.

‘मग अक्का, तुमचाच विश्वास कुटंतरी कमी पडला आसंल.’

माझंच बोलणं, माझ्याच अंगावर आलं.

म्हटलं, गाठ बघू दे. दाखवली. मोठी आहे, कातडी ओढली गेलीय. माझी बोटं गाठीवर थांबली तशी तिला कळलं की काही तरी आहे. तोंड फिरवून म्हणाली, ‘तुमचा हात लई गार हाय.’ निघताना भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली. ‘भाऊंसाठी. मी प्रार्थना करतो त्यांच्यासाठी.’

गाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले. गेल्या दोन आठवड्यांत ह्यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणारी ही दुसरीच.

रविवार, २५ जानेवारी

नावं वाचून झाली आणि मी उभी राहिले. विचारलं नाही कुणाला. पाळकसाहेबांच्या मिसेसना तेवढं आधी सांगितलं होतं, आजचंही मोबाइलवर घ्या.

दोन मिनिटंही लागली नाहीत. म्हटलं, नोव्हेंबरात मी इथे जे बोलले ते पूर्ण खरं नव्हतं. वसंतभाऊंचा आजार परत आलाय. त्यांना इंजेक्शनं चालू आहेत आणि ती देवाची दयाच आहे. माझं ऐकून एका बहिणीने औषध सोडलंय. तुमच्यापैकी कुणी सोडलं असेल तर उद्या सकाळी दवाखाना गाठा. मला क्षमा करा.

टाळ्या नाहीत, हे सांगायला नको. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी गायनाचा नंबर चुकीचा सांगितला, निम्मे एक गात होते, निम्मे दुसरं.

उपासनेनंतर वही घेतली. जुन्या नावावर रेघ आहे, ती काही पुसता येत नाही. म्हणून शेवटच्या ओळीत नव्याने घातलं, वसंत. खाली एस्तेर, गडहिंग्लज. दारात एरवी गराडा पडायचा, आज सगळ्यांना घाई होती. फक्त ती खांद्यावर हात ठेवणारी बाई थांबली. ‘मला वाटलंच होतं,’ म्हणाली. आता तुम्हाला काय वाटलं होतं बाई.

हे बाकावर बसून होते. ‘चल. आज नीट बोललीस. आखूड.’

व्हिडिओ एस्तेरला पाठवला. बघितल्याची निळी खूण आली. उत्तर नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

उत्तर नाही. तीनदा फोन केला, उचलत नाही. मेळाव्याच्या पत्रिकेतून माझं नाव काढलंय. बरंच झालं. पण पत्रिका हातात आल्यावर आधी तेच शोधलं, हेही खरं.

ह्यांच्या तोंडात फोड. दही-भात पण जात नाही. सकाळी मी प्रार्थनेला बसले तर शब्दच नाहीत. नुसती बसून राहिले. सवय म्हणून आमेन म्हटलं.

रविवार, १ फेब्रुवारी

पाळकसाहेबांनी दोन्ही नावं वाचली. दार उघडं होतं. मी डोळे मिटायच्या ऐवजी पुरुषांच्या बाजूला बघत राहिले. नाव आलं तेव्हा ह्यांनी मान खाली घातली आणि हात किंचित वर केला, हजेरीला करतात तसा.

दुपारी एस्तेरचा फोन.

‘अक्का, मंगळवारी ओपीडी कितीला उघडती?’

‘नऊला. तू ये, मी स्टँडवर घ्यायला येते. ह्यांचीही मंगळवारीच तपासणी आहे, सगळे मिळून जाऊ.’

‘बघतो.’

‘बघतो नाही, येतो म्हण.’

‘बघतो की अक्का,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. हे शेजारी, मांडीवर स्वतःची फाइल. माझ्या पिशवीत एक कोरी फाइल आहे, तिच्यावर एस्तेरचं नाव घालून आणलंय. दवाखान्यात घातलं असतं तरी चाललं असतं.

साडेआठच्या सुमाराला एक गडहिंग्लज आली. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड बघितलं. नाही. पावणेदहाला दुसरी. त्यातही नाही. फोन बंद लागतोय. बंद आहे की रेंज नाही, की माझाच नंबर नकोसा झालाय.

ह्यांना म्हटलं, तुम्ही रिक्षाने पुढे व्हा, अकराला तुमचा नंबर आहे. मी थांबते.

‘थांब गं. निपाणीच्या पुढं रस्ता खणलाय, गाड्या मागंपुढं हुत्यात. अजून एक बघू.’

‘आणि त्यातही नसली तर?’

‘तर आपण जाऊ गडहिंग्लजला. इंजिनात पाणी नसलेली गाडीबी मी ओढून आणलीया.’ चालताना धाप लागते आणि म्हणे गडहिंग्लजला. वाद घातला नाही.

सकाळपासून प्रार्थना केलेली नाही. फक्त गाड्या बघतेय.

आत्ता एक गाडी फाटकातून वळली. काचेवर ऊन आहे, पाटी वाचता येत नाही. विचारलं, कुठली? हे इंजिनाचा आवाज ऐकताहेत. ‘लांबनं आलीया,’ म्हणाले, आणि बाकाला धरून उठलेत.