व्हॅनची डावी बाजू

२ जून

चौदा वर्षं जुन्या गाडीवर किती खर्च करावा आणि कुठं थांबावं? मला नाही सांगता येत. बी.एस्सी. झाले, घरातली पहिली. उष्णतेचे सगळे नियम पाठ आहेत. आणि काल आपल्याच व्हॅनपुढे उभी राहून नुसती वाफ बघत होते!

तुमसरहून येताना आंबागडच्या अलीकडे ती उकळली. बाबा उतरले. चिडले नाहीत, हळहळले नाहीत. म्हणाले, "झालं आता हिचं. काढून टाकू." रात्री जेवताना सांगितलं — भंगारवाल्याशी बोलणं झालंय, रविवारी येतो.

इतक्या सहज! अकरावीपासून पदवीपर्यंत मी ह्याच गाडीत बसून तुमसरला गेले. आता धाकटी बहीण हर्षा बारावीला, आणि तिच्यासोबत गावातल्या आणखी चार पोरी. त्यांनी कशात बसायचं?

३ जून

त्या चौघींतल्या रिताची आई, रत्नाबाई, सकाळीच दारात. बातमी पोहोचली होती.

"श्यामभाऊ नेते म्हून पोरगी धाडतो मी. यष्टीचा काय भरोसा? सांजच्याले नाई आली तं पोरगी कुठं उभी राहीन? गाडी गेली का रिता घरीच."

धमकी नव्हती. सरळ सांगितलं. बाकी तिघींच्या घरीही हेच असणार. बाबा मान खाली घालून चहा पीत राहिले.

मी म्हटलं, गाडी मी दुरुस्त करून घेते, शिकवणीचे पैसे आहेत माझ्याकडे.

"पैशाचा सवाल नाई."

मग कशाचा? शेवटी मायनं तोंड उघडलं, "करू द्या न तिले. डिगरी कायले घेतली तिनं?" बाबा उठून वावरात गेले. पण भंगारवाल्याला पुढं ढकललं. तेवढं पुरे.

६ जून

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

उन्हं चढायच्या आधी तुमसरला निघालो, पाण्याच्या कॅन सोबत घेऊन. बाबा चालवत होते, शेजारी हर्षा — ती जागा तिची, दुसरं कोणी बसलं की भांडते. आणि तिची बडबड! "सायकल आली... म्हैस... दोन म्हशी, बाबा... पोट्टा खेळते बाजूनं..." मी मागून ओरडले, "अगं, बंद कर तो रेडिओ!" बाबा हसलेसुद्धा नाहीत.

मोतीलालभाऊंचं गॅरेज बायपासजवळ आहे. माणूस बोलका, आणि स्वतःवर भलताच खूश. "मॅडम, गाडीचा नुसता आवाज आयकून सांगतो मी, मालकाच्या घरी काल भाजी कोनती होती ते!" बाबा बाहेर टपरीवर जाऊन बसले. मी उभी राहिले.

त्यांनी समोरची सीट उचलली. खाली इंजिन!

मला माहीत होतं ते तिथं असतं. पण माहीत असणं वेगळं. ह्याच सीटवर बसून मी पाच वर्षं प्रवास केला. मे महिन्यात खाली चटके बसायचे, डिसेंबरात त्याच जागेसाठी आम्ही पोरी एकमेकींना ढकलायचो. आणि त्या उबेखाली हे होतं — केवढंसं! मायच्या लग्नातल्या पेटीएवढंही नाही. तेलानं काळं, धुळीनं माखलेलं, नळ्याच नळ्या. एवढ्याशा लोखंडात पेट्रोलचे थेंब मिनिटाला हजारो वेळा पेटतात, आणि त्या लहान लहान स्फोटांवर बसून पाच पोरी गप्पा मारत, प्रश्नोत्तरं पाठ करत कॉलेजला जातात! मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. देवळात होतं तसं काहीतरी झालं मला.

मोतीलालभाऊ म्हणाले, "हेड गास्केट गेलं. इंजिन खोला लागते. अठरा हजार पकडून चाला. आन जुनी गाडी हाय — खोलल्यावर आनखी काय निघन, थे मी आज नाई सांगत."

अठरा! पण गास्केट, म्हणजे इंजिनातलं तेल-पाणी वेगळं ठेवणारं पातळ पॅकिंग, गेलं असेल तर तेलात पाणी उतरतं, ते पांढरं पडतं. हे वाचून आले होते. तेलाची पट्टी ओढून पाहिली — तेल काळंकुट्ट, पण पांढरं नाही.

"भाऊ, आधी रेडिएटर पाहू का?"

"पाहा न. पाह्याचे पैसे नाई लागत."

मोबाइलचा टॉर्च लावून गाडीखाली वाकले. रेडिएटरच्या जाळीतून पलीकडचं दिसायला हवं. दिसत नव्हतं. गच्च भरलेली! नखानं खरवडलं, तर हातात भुसा आला. वास घेतला — लाखोरी!

आणि एकदम सगळं कळलं. दरवर्षी धानानंतरची लाखोरी, आमच्या वरणाचं कडधान्य, निघाली की आमच्याकडे ती खळ्यात पसरतात, आणि वरून गाडी गोल गोल फिरवून चुरतात. बैल राहिलेत कोणाकडे? ट्रॅक्टरवाला तासाचे पैसे मागतो, बाबा मागत नाहीत. म्हणून अर्ध्या गावाची लाखोरी आमच्या व्हॅननं चुरलेली. लहानपणी आम्ही आत बसायचो, चक्कर येईपर्यंत! चाकाखाली शेंगा फुटायच्या, भुसा उडायचा, आणि गाडी तो श्वासाबरोबर ओढून घ्यायची. इतकी वर्षं. खाली वाकून कोणी पाहिलंच नाही.

मोतीलालभाऊ वाकले. जाळीला बोट लावून पाहिलं. मग, "मी हेच सांगनार होतो तुमाले."

"हो का!"

"अरे बाप्पा, हे गाडी हाय का कोठी? वरनाची सोय होते ना इच्यात!" टपरीवरचे लोकसुद्धा येऊन बघून गेले. बाबा नाही आले.

९ जून

गास्केट शाबूत. रेडिएटर काढून धुतला. आतून लाल गाळ, कारण आम्ही कूलंट म्हणून बोडीचं, म्हणजे गावतळ्याचं, पाणी ओतत आलो. तेल, तेलाचा फिल्टर, हवेचा फिल्टर (तोही लाखोरीनं भरलेला!), प्लग, एक फुगलेला होज पाइप, मागचे ब्रेक शू. मजुरी धरून सात हजारांच्या आत.

आता मला कुणी विचारलं तर एवढं सांगू शकेन: पहिला आकडा हा भीतीचा असतो, त्यावर मान हलवू नये. प्रत्येक गोष्ट उघडण्याआधी मला फोन करा, असं बजावून ठेवावं. जुने सुटे भाग परत मागावेत. ब्रेकमध्ये मात्र एक रुपया वाचवू नये. हे शेवटचं मोतीलालभाऊंचं, आणि ते सांगताना ते अजिबात हसत नव्हते.

११ जून

पुन्हा गॅरेजला गेले होते. मोतीलालभाऊ गाडीखालून बाहेर आले ते डोळे मोठे करून.

"बेटा, गेअरबॉक्सचे बोल्ट पाह्य. कंपनीच्या रंगाची निशानी अजून हाय. म्हंजे क्लच प्लेट कदीच बदलली नाई! चवदा वर्ष! पोरं माह्या इथं दोन वर्षांत जाळून आनतेत. तुहा बाप गाडी चालवते का झोका देते?"

मला रडूच आलं. बाबांनी आम्हाला कधी प्रेमाचा शब्द बोलून दाखवला नाही. पण कुठंतरी तो जमा होत होता — खाली, अंधारात, एका चकतीवर. दर वेळी क्लचवरचा पाय हळूच उचलायचा. आत पोरी आहेत, हिसका बसू नये. चौदा वर्षं!

डेंटिंगवाला अमर म्हणाला, "पन डावी बाजू काहून अशी? उजवीले एक ओरखडा नाई. डावीकडे तीनदा ठोकलं, आरसाबी नवा." बाबांना विचारलं तर म्हणाले, म्हशी घासतेत. म्हशी काय फक्त डावीकडूनच घासतात?

२० जून

गाडी घरी आली. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात सुरू! आवाज असा की कान लावून ऐकावा. रत्नाबाई नारळ घेऊन आल्या. रितानं हॉर्न वाजवून वाजवून गल्ली जागी केली.

बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. सीटवर हात ठेवला. "चांगलं केलं बाई," म्हणाले. आणि मग, खाली बघून — "तरी त्या भंगारवाल्याले इऊ दे. भाव चांगला इन आता."

मला वाटलं होतं ते खूश होतील.

२१ जून

हर्षा आणि मी गाडी पुसत होतो. ती डाव्या बाजूचाच पत्रा पुसत राहिली, पुसत राहिली. मी म्हटलं, रंग काढतेस का आता?

"ताई, बाबाले ह्या बाजूच्या डोळ्यानं दिसत नाई."

"काय?"

"दिवाळीपासून. धुकं दिसते म्हनतेत. म्हून मी समोर बसतो. बाजूचं मी सांगतो त्याइले. कोनाले सांगजो नोको म्हने."

तो रेडिओ! म्हैस आली, सायकल आली — ती बडबड नव्हती. माझी सतरा वर्षांची बहीण बाबांचा डावा डोळा होऊन बसत होती, आणि मागं चार पोरी, त्यांना काही पत्ता नाही.

अंगावर काटा आला. आधी भीतीनं. मग... काय म्हणू? त्यांना कळलं होतं की आता थांबायला हवं. पण "मला दिसत नाही" हे त्यांना म्हणता येईना. म्हणून त्यांनी सगळा दोष गाडीवर घातला. गाडी उकळली आणि त्यांना सुटका मिळाली. आणि तीच गाडी मी धुऊनपुसून, तेल बदलून परत दारात आणून उभी केली!

२२ जून

ट्रंकेतून लायसन काढलं. फर्स्ट इयरला बाबांनीच काढायला लावलं होतं. "डिगरीसंग हेबी असू दे." आज वावराच्या रस्त्यावर तासभर चालवली. तीनदा बंद पडली. क्लच जळू नये म्हणून जीव मुठीत.

२५ जून

तुमसरपर्यंत जाऊन आले. सोबत माय. पूर्ण रस्ता तिनं दार धरून ठेवलं होतं. उतरल्यावर म्हणाली, "तुह्या बापासारखीच नेतेस वो." कॉलेज परवा उघडतं.

२७ जून

मी चालवत, बाबा सोबतीला. पाच पोरींना कॉलेजच्या गेटवर उतरवलं आणि गाडी घराकडे वळवलीच नाही. बाबांना वाटलं, पेट्रोल भरायचं असेल. थेट भंडारा, डोळ्यांचा दवाखाना. दोन दिवसांपूर्वीच नंबर लावून ठेवला होता. मोतीबिंदू, पिकलेला. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन आजच करू. बाबा माझ्याकडं वळले. "हर्षानं सांगतलं?" मी हो म्हटलं. मग हळूच, "मले सर्विसिंगले आनलं का वो?"

भंगारवाल्याला तिथूनच फोन करून नाही सांगितलं.

येताना कॉलेजवरून पोरींना घेतलं, मागं, दाटीवाटीनं. हर्षालाही मागंच बसवलं. बाबा माझ्या शेजारी, इंजिनाच्या उबेवर, डाव्या डोळ्याला पट्टी. तुमसर सुटल्यावर उजवा डोळा रस्त्यावर रोखून म्हणाले, "सायकल आली, बाई. बाजू दे."