डाव्या पायाचं वेल्डिंग

प्रिय ताई,

आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणाऱ्या माणसाने पत्र का लिहावं, असं तुला पाकीट फोडतानाच वाटलं असेल. फोनवर मी दोन वेळा सुरुवात केली होती. एकदा तुझ्या दारावरची बेल वाजली, तू "थांब हं" म्हणून गेलीस आणि परत येईपर्यंत मी मुलीच्या परीक्षेवर घसरलो होतो. दुसऱ्यांदा तूच म्हणालीस, "आवाज का असा येतोय तुझा, सर्दी झालीय का?" आणि मी म्हणालो, हो, सर्दी. म्हणून हे लिहून आजच कुरिअरने पाठवतोय. दुपारची वेळ आहे, कामगार जेवायला गेलेत, नर्सरीच्या ऑफिसात मी एकटाच आहे. तुला पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची खोड आहे, तेवढं या खेपेला करू नकोस. सुरुवातीपासून वाच.

इकडचं तसं सगळं ठीक आहे. धाकटी सायकल शिकली, दोन्ही गुडघे फोडून घेतले आणि त्याचा तिला भलता अभिमान आहे. मागच्या जागेत आता रोपांचे चार मांडव उभे आहेत. तू ती जागा शेवटची पाहिलीस तेव्हा तिथे नुसते बुडखे होते. आठवतात ना? आधीच्या मालकाने झाडं तोडून लाकूड विकलं आणि बुडखे माझ्यासाठी ठेवून गेला. सेहेचाळीस. काही ताटाएवढे, काही जेवणाच्या टेबलाएवढे. तू हसून म्हणाली होतीस, "बसायला पाटांची सोय आयती झाली." भाड्याचं यंत्र आणावं तर तो माणूस दर वेळी पुढचा आठवडा सांगायचा. मग माझ्या डोक्यात आलं की आपलंच एक जुनं यंत्र घ्यावं. पुढे माती उचलायचा लोडर, मागे खोदायचा लांब हात, असा ट्रॅक्टर. आपली जागा साफ होईल, मग इतरांचीही कामं घेता येतील.

आणि जुनं यंत्र घ्यायचं तर भावोजींशिवाय कोणाला न्यायचं? तुझ्या नवऱ्याचं नाव त्या बाजारात काय होतं हे तुला घरात बसून कळलं नसेल, म्हणून सांगतो. ते यार्डाच्या फाटकातून आत आले की विकणारे एकमेकांना म्हणायचे, "चहा जास्तीचा टाका, आज संध्याकाळ होणार." विकणाऱ्याने इंजिन सुरू करण्याआधीच ते बॉनेटखाली तळहात ठेवायचे. कोमट लागलं की मागे वळायचे. म्हणायचे, "याने आपण यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. थंड असताना सुरू होत नसणार." तासांचं मीटर ते शेवटी बघायचे, आधी पायाखालच्या पेडलचं रबर बघायचे. मीटर बदलता येतं, रबर किती झिजलंय ते लपवता येत नाही. मागच्या हाताच्या प्रत्येक सांध्यातली पिन हलवून बघायचे, तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून नाकाला लावायचे. मी आपला उन्हात उभा.

तीन रविवार आम्ही फिरलो. खरं सांगू, इतकं निवांत त्यांच्याबरोबर मी पूर्वी कधी फिरलो नव्हतो. मी सारखं इंजिनाच्या ताकदीचं विचारायचो. ते म्हणायचे, "ताकद नको बघू, वजन बघ. हलकं यंत्र बुडखा ओढायला गेलं तर बुडखा जागेवर राहतो आणि यंत्रच उठतं." आणि हेही सांगायचे की बुडखा उपटायचा नसतो, सोडवायचा असतो. आधी चारी बाजूंनी माती काढायची, मुळं एकेक करून तोडायची, मग तो आपणहून हलतो. लोडरने धक्के मारणाऱ्यांची यंत्रं त्यांना लांबूनच ओळखू यायची, पुढचे दांडे वाकलेले असायचे.

शेवटी दोन यंत्रं उरली. एक होतं रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरचं. रंग उडालेला, सीट फाटलेली, तिच्यावर पोतं बांधलेलं. भावोजींनी त्याचे सगळे सांधे तपासले आणि खूश होऊन म्हणाले, "याला कुणीतरी रोज ग्रीस दिलंय." दुसरं होतं यार्डातलं लाल. नवा रंग, नवी सीट, चकचकीत. खोदताना यंत्र स्थिर राहावं म्हणून मागे दोन बाजूंना दोन पाय असतात, ते जमिनीला टेकवून मागची चाकं उचलायची. भावोजींनी तसं लाल यंत्र उचललं, इंजिन बंद केलं, पायाच्या दांड्यावर खडूने रेघ मारली आणि मला चहा प्यायला नेलं. परत आलो तर डावा पाय चार बोटं बसला होता. ते पोतं अंथरून खाली शिरले, नखाने रंग खरवडला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "तेल अडवणारं सील गेलंय, ते बदलता येईल. पण पाय जिथे अडकवलाय तिथे तडा जाऊन जोडलेलं आहे आणि वरून रंग मारलाय. हे घ्यायचं नाही. पोतंवालं घे."

ताई, मी दुसऱ्या दिवशी एकटा गेलो आणि लाल घेतलं.

का? पोतंवालं फाटकापुढे उभं केलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, असं वाटलं. लाल त्याच दिवशी घरपोच मिळणार होतं, हेही होतं. आणि थोडं हेही होतं की तीन रविवार त्यांच्या मागे मागे फिरून मला आपण अजून तुझा शाळकरी भाऊ असल्यासारखं वाटायला लागलं होतं. पन्नाशीच्या माणसाला एखादी गोष्ट तरी आपल्या मनाने घ्यावीशी वाटते. मी त्यांना फोन करून म्हणालो, "घेतलं." त्यांनी विचारलं, "कुठलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं. घेतलंयस तर नीट करून घेऊ. सील मी रविवारी येऊन बदलतो. पायाचं वेल्डिंग मात्र माझ्या आवाक्यातलं नाही, ते मोठ्या वर्कशॉपमध्ये नेऊन पुन्हा करून आण. त्याशिवाय मागचा हात वापरायचा नाही." एका शब्दाने रागावले नाहीत. यंत्र घरी आलं तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलं की ते भावोजींनी पसंत केलं. हिनेही, तूही. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. म्हटलं, चालायला लागलं की सगळेच विसरतील.

ते रविवारी आले, सील बदललं, मला कोणता लिव्हर कशाचा ते शिकवलं. पुढच्या रविवारी पुन्हा आले. मधल्या आठवड्यात वर्कशॉपला न्यायचं होतं. तिथले लोक पाच दिवस थांबावं लागेल म्हणाले, आणि माझी रोपं गाडीतून उतरून उन्हात उभी होती. तोवर मी सहा-सात लहान बुडखे काढलेही होते आणि पायाला काही झालं नव्हतं. भावोजींनी आल्या आल्या विचारलं, "वेल्डिंग करून आणलंस?" मी म्हणालो, "हो." त्यांनी वाकून बघितलं. मी आदल्या दिवशी त्या जागेवर लाल रंगाचा हात फिरवला होता. माती लागून गंजू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. टेबलाएवढा तो कोपऱ्यातला बुडखा. ते म्हणाले, "याच्याजवळ तू नको, मी बसतो." तीन बाजूंची मुळं त्यांनी तोडली, चौथ्या बाजूला जोर लावला आणि डावा पाय तुटला. यंत्र डावीकडे बसलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी उजव्या हाताने सीटच्या बाजूची चौकट धरली, आणि मागचा लोखंडी हात कलंडून त्या चौकटीवरच आला. मी दहा पावलांवर होतो. त्यांनी ओरडण्याआधी इंजिन बंद केलं, डाव्या हाताने. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

आणि मग हॉस्पिटल. तू त्यांच्या उशाशी उभी होतीस, अंगठा वाकणार नाही आणि तीन बोटं गेली हे नुकतंच कळलं होतं. हीही होती, तुझी नणंद होती. तू रडत नव्हतीस. एवढंच म्हणालीस, "अहो, आयुष्यभर लोकांची यंत्रं पारखलीत, आणि घरच्या माणसाच्या वेळी कसे चुकलात? तो खाली असता तर?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाण्याचा जग उचलला आणि ग्लासात ओतायला लागलो. ग्लास भरून टेबलावर सांडलं तरी ओतत होतो. मागून त्यांचा आवाज आला, "चुकलं खरं माझं." तू ते पाणी पुसून घेतलंस आणि मला म्हणालीस, "तू जा, जरा बस बाहेर, घाबरलायस." ताई, तू मला धीर देत होतीस.

महिन्याभराने मी तुमच्याकडे आलो होतो. तू औषधं आणायला गेली होतीस. ते खिडकीशी बसून डाव्या हाताने शर्टाचं बटण लावायची सवय करत होते. मी म्हणालो, "भावोजी, मी ताईला सांगून टाकतो." बटणावरची नजर न काढता ते म्हणाले, "नेलंच नव्हतंस ना." तो प्रश्न नव्हता. "तुटलेल्या जागी आतपर्यंत रंग गेला होता. नवं वेल्डिंग असं तुटत नाही." मग म्हणाले, "तिला माहेर म्हणून तू एकटा उरलायस. ते तिच्याकडून काढून घेतल्याने माझी बोटं येणार आहेत का? राहू दे." मी नको म्हणायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं. येताना बसमध्ये मला भूकसुद्धा लागली. या सगळ्यात हे वाक्य लिहायला सर्वांत जड गेलं.

दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत कुणी त्यांना यंत्र बघायला नेलं नाही. बाजारात एकच गोष्ट फिरली, की मेव्हण्याचं यंत्र घेताना भावोजींना तडा दिसला नाही. तू मला फोनवर हसत हसत सांगतेस, "हल्ली हे पंख्याचा आवाज आला तरी मलाच विचारतात, बघ गं, बरोबर आहे ना." तू हसतेस म्हणून मीही हसतो. मग फोन ठेवून मांडवात जाऊन उगाच रोपांना पाणी घालतो. परवा धाकटीने विचारलं, "बाबा, सकाळी घातलं होतं ना?"

आता हे आजच का लिहितोय ते सांगतो. मंगळवारी तू बोलता बोलता सांगितलंस की तुमच्याकडचा मोठा यार्डवाला घरी येऊन गेला. त्याला येणारी जुनी यंत्रं तपासून घ्यायला जाणता माणूस हवाय, हाताचं काम नाही, डोळ्यांचं आणि कानांचं आहे. भावोजी नाही म्हणाले. आणि तू म्हणालीस, "मीच म्हटलं त्यांना, नकोच. एकदा नजर चुकली, पुन्हा चुकली तर कुणाचा जीव जाईल." त्यावर मी "हं" म्हणालो. फोन ठेवला आणि कळलं की त्यांनी माझ्यासाठी एकदा जे गिळलं, ते आता त्यांना स्वतःलाच खरं वाटायला लागलंय. काल सकाळच्या बसने मी त्या यार्डवाल्याकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, खडूची रेघ, चार बोटं, मी फिरवलेला रंग. त्याने ऐकून घेतलं, माझ्याशी हात न मिळवता म्हणाला, "सोमवारपर्यंत जागा ठेवतो." घरी येऊन हिला सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली. तुला सर्वांत शेवटी सांगतोय, कारण सर्वांत जास्त भीती तुझीच होती. ताई, भावोजींची नजर चुकली नव्हती. त्यांनी चहा पिऊन येताच ओळखलं होतं. आता हे पत्र घडी घालून ठेव आणि आतल्या खोलीत जा, त्यांना हे तुझ्या तोंडून ऐकू दे. मला आज फोन करू नकोस. माझ्याशी कधी बोलायचं, बोलायचं की नाही, ते तू मागाहून ठरव. सोमवार जवळ आलाय.

तुझाच,
धाकटा